विहीर खोल करणारा डबा

मित्रांनो, तो दिवस अगदी नेहमीसारखाच होता. रंगमंचावरचा गोष्टीचा खेळ संपला होता, बघायला आलेली मुलं आपापले बूट शोधत होती आणि गोष्ट सांगणारी लेक बाबांच्या टेबलाशी येऊन कुरकुरत होती.

"बाबा, आज गोष्टीतली विहीर जरा जास्तच खोल केलीत हं. शेवटी मलाच माझा आवाज सापडेना."

"मी कुठे केली? तू उतरत गेलीस, मी आपला मागोमाग."

दिवेवाले काका शिडीवरून म्हणाले, "बघा! बापाने खपून विहीर खणायची आणि वर लेकीची बोलणी खायची."

"बोलणी घरचीच असतात रे," बाबा हसले. "बाहेरचे नुसतंच छान छान म्हणतात."

मग त्यांनी माझं बटण बंद केलं आणि दोघं घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा झोपेतून उठलेच नाहीत.

मी त्यांचा मिडी कंट्रोलर. आठ गोल नॉब असलेला, कडा झिजलेला एक डबा. मित्रांनो, आवाज माझ्यातून जात नाही. तो माईकमधून इफेक्ट्सच्या यंत्रात जातो आणि तिथे घुमू लागतो. मी त्या यंत्राला वायरमधून फक्त आकडे कळवतो. नॉब पूर्ण डावीकडे असला की शून्य, पूर्ण उजवीकडे असला की एकशे सत्तावीस. एवढीच माझी बाराखडी. कारखान्यातल्या बाईंनी माझे नॉब तपासून मला खोक्यात घातलं, तेव्हा या कोरड्या आकड्यांतून कधी पाणी लागेल असं मला वाटलं नव्हतं.

मी येण्याआधी बाबा त्या यंत्रापुढे उकिडवे बसत. त्याची बटणं मोहरीएवढी. हवं ते सापडेपर्यंत गोष्टीतली मुलगी विहिरीत उतरून वरही आलेली असे! मी आल्यावर मात्र सगळं बोटांखाली आलं. पहिला नॉब प्रतिध्वनी किती ते ठरवी, दुसरा तो किती वेळ रेंगाळेल ते, आणि तिसरा आवाजाची धार बोथट करी, जणू समोर ओला दगड आहे. मुलगी एकेक पायरी उतरू लागली की बाबा तिन्ही नॉब एकदम फिरवत, पण प्रत्येक वेगळ्या गतीने. लेक एकच गोष्ट दोनदा सारखी सांगत नसे. बाबा कागदाकडे बघतच नसत. ते तिच्या खांद्यांकडे बघत. खांदे उचलले की श्वास, श्वासामागून वाक्य. ते कधी उशिरा पोचले नाहीत. रंगमंचावर नुसत्या फळ्या होत्या, तरी मुलं वाकून खाली बघत. अशा बोटांखाली झिजायला भाग्य लागतं.

खेळ संपला की लेक आभार मानी. दिव्यांचे, पडद्याचे, दारावरच्या मावशींचे. बाबांचा उल्लेख नसे. घरच्या माणसाचे कसले आभार! बाबाही तोवर वायरी गुंडाळायला लागलेले असत. मला मात्र दर वेळी वाटे, आज म्हणेल.

बाबा गेल्यावर माझ्यावर जुना पडदा पडला. पुढचा खेळ तर आधीच जाहीर झाला होता, आणि विहिरीशिवाय गोष्ट उभी राहत नव्हती. काकांनी आवाजाचे सगळे बदल ठरलेल्या वेळी आपोआप होतील असे संगणकात बसवून दिले. तालमीत मुलगी दुसऱ्या पायरीवर होती, तोच आवाज तळाला पोचला.

"काका, ही विहीर मला ढकलतेय," लेक म्हणाली. तिने मला पडद्याखालून काढलं, माईकपाशी ठेवलं, वायर जोडली आणि पहिला नॉब फिरवला. काहीच झालं नाही.

"गेला वाटतं," काका म्हणाले. "जुनं ते सोनं म्हणतात, पण हे वाजतसुद्धा नाही."

मी गेलो नव्हतो. उचलाउचलीत माझे नॉब सरकले होते. अशा वेळी नॉबला हात लावताच आवाज दचकून उडी मारेल, म्हणून बाबांनी मला एक शिस्त लावली होती. यंत्रात त्यांनी जपून ठेवलेला आकडा नॉब गाठत नाही, तोवर मी गप्प राहायचं. त्या जागी पोचलो की फिरवणाऱ्याचा हात धरायचा आणि आकडे कळवू लागायचं.

लेक बोलत राहिली, हळूहळू नॉब फिरवत राहिली. आणि एका जागी तिचा आवाज घुमला. ती थांबली. बोट तिथेच ठेवून म्हणाली, "काका, बाबा इथे होते." दुसऱ्या नॉबची जागा तिने अशीच शोधली. तिसऱ्याचीही.

खेळाच्या दिवशी तिने स्वतःच मला फिरवलं. दोन ठिकाणी उशीर झाला. बाबांची बोटं ती, एका तालमीत थोडीच येणार! पण मुलं वाकली.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू गप्प झाली तर लगेच फेकू नका. आधी जरा हळू फिरवून बघा. ती वापरणाऱ्या माणसाची सवय तिच्यात शिल्लक असते.

टाळ्या थांबल्या. लेकीने दिव्यांचे आभार मानले, पडद्याचे मानले, मावशींचे मानले. मग तिचे खांदे उचलले गेले.

"आणि विहीर," ती म्हणाली, "विहीर माझ्या बाबांनी खणली. इतकी वर्षं, प्रत्येक खेळाला. मी तिच्यात न भिता उतरले, कारण ते मागे होते."