उजवी खडाव आणि एकशे वीस महिने

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खडाव आहे. उजव्या पायाची. जोडीला डावी बहीण आहे, पण ती मऊ लाकडाची आणि मऊ स्वभावाची. त्यामुळे दोघींच्या वतीने बोलायचं काम पहिल्यापासून माझ्याकडेच. वय विचाराल तर बेचाळीस पूर्ण. तुमच्या घरातली किती पायताणं बेचाळीस वर्षं टिकली ते आधी बघून या, मग माझ्या तोंडाळपणाला नावं ठेवा.

माझा जन्म फिलिपिन्समधला, तळ्याकाठच्या पाएते गावातला. आमच्या गावात घरटी एक तरी माणूस लाकूड कोरतो. म्हातारा इस्को देवळातल्या संतांच्या मूर्ती कोरायचा. त्याची लेक इलुमिनादा, जिला सगळं गाव लुमिंग म्हणतं, अठराव्या वर्षी शिवणाच्या कारखान्यात लागली, तेव्हा तिच्या पायांत घालायला धड काही नव्हतं. इस्कोने मूर्तीतून उरलेले दोन तुकडे उचलले. एक पांढरा, हलका. दुसरा सांतोलच्या झाडाचा, जड आणि गाठीचा. तो दुसरा म्हणजे मी.

"बाबा, दोन्ही वेगवेगळ्या लाकडांच्या?" लुमिंगने तोंड वाकडं केलं.

"तुझे दोन पाय तरी कुठे सारखे आहेत? घाल गुमान."

त्याने टायरची पट्टी पितळी खिळ्यांनी ठोकली आणि माझ्या कडेला एक बारीक फूल कोरलं. लाकडं वेगळी म्हणून आमचा आवाजही वेगळा झाला. डावी 'टुप' करते, मी 'खाड्' करते. टुप-खाड्, टुप-खाड्. सगळ्या मुलखात अशी चाल दुसरी नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे याच चालीवर एका बाईचं म्हातारपण अडलं होतं, म्हणून सांगते.

कारखान्यात देखरेखीला उर्सुलाबाई होत्या. बाई कसली, चाबूकच.

"ए टुप-खाड्! मशिनींचा आवाज कमी पडतो का तुला? दहा सेंटाव्ह दंड!"

लुमिंग दंडाची चिल्लर भरायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आम्हालाच घालून जायची. बापाच्या हातची वस्तू ती कुणाच्या धाकाने काढणार नव्हती. तिचा हा ताठा मला तेव्हापासून आवडतो. त्या नोकरीत तिच्या पगारातून दर महिन्याला सरकारी पेन्शनचा हप्ता कापला जायचा. अशी तीन वर्षं झाली, म्हणजे छत्तीस महिने. मग कारखाना बंद पडला. पेन्शनच्या नंबराचं कार्ड घरातल्या पेटीत होतं, ते एका वादळात पेटीसकट तळ्यात गेलं. कुणी फार हळहळलं नाही. विशीत म्हातारपण कुणाला दिसतं?

लुमिंगने लग्न केलं नाही. धाकटा भाऊ रुडिंग, त्याची बायको, त्यांची तीन पोरं, हाच तिचा संसार. पोरांच्या शाळेसाठी अडतिसाव्या वर्षी ती हाँगकाँगला घरकामाला गेली. सामानात आम्ही दोघी होतोच. पण क्वोक मॅडमचं घर सतराव्या मजल्यावर. पहिल्याच सकाळी लुमिंग स्वयंपाकघरात चार पावलं चालली आणि सोळाव्या मजल्यावरचा म्हातारा वर येऊन दार ठोकायला लागला.

"या घरात एकतर त्या राहतील, नाहीतर तू," मॅडम म्हणाल्या.

लुमिंगने सायकलच्या टायरचे तुकडे कापले आणि आमच्या तळव्यांना ठोकले. मित्रांनो, माझ्यासारखीची जीभ बांधली तर काय होतं, याचा विचार करा! त्यावरही आठवड्याचे सहा दिवस पलंगाखाली, धुळीत. पण रविवार आमचा असायचा. त्या दिवशी आमच्या देशाच्या हजारो बायका मोठमोठ्या बँकांच्या इमारतींखाली पुठ्ठे अंथरून बसायच्या. कुणी नखं रंगवायची, कुणी गाणं म्हणायची, कुणी डब्यातला भात आणि सुकी मासळी वाटायची. सगळ्यांच्या कष्टाचे पैसे घरी जायचे. लुमिंगचेही, शेवटच्या नाण्यापर्यंत. चौदा वर्षं.

मग बासिलियाचा फोन आला. ती त्याच पुठ्ठ्यावर बसणारी, पासष्टीला कायमची घरी गेलेली. लुमिंगने विचारलं, "काय गं, मजेत ना?"

"मजेतच. भाचीकडे असते. फक्त कॉफी प्यावीशी वाटली, की आधी भाचीच्या चेहऱ्याकडे बघते."

त्या दिवशी लुमिंगने भाताचा डबा तसाच मिटून ठेवला. तिने शेजारी बसलेल्या मैत्रिणीचा, डेलिसाचा, हात धरला. "मला कॉफी पिण्याआधी कुणाच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही. पेन्शनचे हप्ते इथून भरता येतात ना? मी भरणार."

"आता बावन्नाव्या वर्षी? एकशे वीस महिने लागतात बाई, तेव्हा कुठे महिन्याची पेन्शन सुरू होते."

"छत्तीस कारखान्यातले आहेत. चौऱ्याऐंशी उरले. सात वर्षं. साठीला घरी जाईन तेव्हा पूर्ण."

हिशेब चोख होता. चूक अर्ज भरताना झाली. अर्जात जुना नंबर विचारला होता.

"हरवलाय म्हणालीस," डेलिसा म्हणाली, "तर हरवल्याचं प्रतिज्ञापत्र कर, त्यावर नोटरी, त्यावर शिक्का, आणि तुझे दोन रविवार पाण्यात. त्यापेक्षा 'पहिल्यांदाच' म्हणून खूण कर आणि नवा नंबर घे. सगळ्या हेच करतात."

आमच्या लोकांना रांगेचं भय नाही. रांगेत ते डबा खातील, भांडतील, सोयरिकीही जुळवतील. पण प्रतिज्ञापत्र म्हटलं की अंगावर काटा येतो. लुमिंगने खूण केली आणि नवा नंबर मिळाला. मी तिथेच होते. मला लिहिता-वाचता येत नाही, पण खोटी खूण कळते. बोलणार कशी? तळव्याला टायर.

हप्ते भरायची खिडकी एका बाजारपेठेच्या इमारतीत होती. परदेशातल्या माणसाला सरलेल्या वर्षाचे हप्ते जानेवारी संपेपर्यंत भरता येतात, नंतर ते वर्ष बुडालं. म्हणून आमच्या सगळ्या बायका नेमक्या जानेवारीच्या शेवटच्या रविवारी उगवायच्या. आणि रांगेत उभ्या कोण राहायच्या? आम्ही! आमच्या मुलखाची रीतच आहे, माणसं सावलीला बसतात आणि त्यांची पायताणं रांग धरतात. रबरी सपाता, बूट, एखादी उंच टाचेची सटवी आणि मध्ये मी. लुमिंग डावीला पिशवीत घालायची, स्वतः साध्या सपाता चढवायची आणि माझ्यावर भरवसा ठेवून निघून जायची. रांग सरकली की मागची बाई पायाने मला पुढे ढकलायची. माझी जागा कधी कुणी घेतली नाही. घेऊन बघावी!

पाचव्या वर्षी रांग जिन्यापर्यंत गेली होती, तेवढ्यात रुडिंगचा फोन आला.

"ताई, पैसे पाठव. आजच."

"कोण आजारी आहे?"

"आजारी कुणी नाही गं. कोंबडा! असा लढवय्या अख्ख्या प्रांतात नाही. एक झुंज जिंकला की छप्पर नवं करतो, तुझ्या नावाची खोलीही बांधतो."

नवी खोली म्हटल्यावर लुमिंग विरघळली. वर्षाच्या हप्त्यांचं पाकीट हातात घट्ट धरून तिने डेलिसाला सांगितलं, "या वर्षी राहू दे. पुढच्या वर्षी दुप्पट भरीन."

"गेलेलं वर्ष मागून भरता येत नाही. कितीदा सांगू? तो कोंबडा तुला कॉफी पाजणार आहे का?"

पण ती गेलीच. वरच्या मजल्यावर घरी पैसे पाठवायची खिडकी होती, तिथे जाऊन उभी राहिली. आणि मला विसरली. इकडे बायका गप्पा मारत मला ढकलत राहिल्या आणि ढकलत ढकलत मी थेट खिडकीपाशी पोचले. खिडकीतल्या माणसाने वाकून बघितलं.

"ही कुणाची? हिचे किती महिने भरायचे? फोटो आणलाय का हिने?"

सगळी रांग खिदळली. तेवढ्यात लुमिंग धापा टाकत खाली आली, पैसे भरायला नाही, बापाची खडाव उचलायला. ती वाकली आणि तिला कळलं की ती खिडकीसमोर उभी आहे, हातात पाकीट आहे, मागे पन्नास बायका आहेत.

"भरतेस, की आता पायताणाने तोंड फोडू?" मागून डेलिसा ओरडली.

लुमिंगने भरले. बारा महिन्यांची पावती घेतली आणि माझ्यावरची धूळ पदराने पुसावी तशी रुमालाने पुसली. रुडिंग महिनाभर फुगून बसला. कोंबडा पहिल्याच झुंजीत पडला आणि आल्याच्या रश्श्यात गेला, असं नंतर कळलं. रस्सा चांगला झाला होता म्हणे.

साठीला लुमिंग कायमची पाएतेला आली. रुडिंगच्या थोरल्या मुलाची बायको जोवी मनाने चांगली, पण तिला नव्याची हौस. तिने आत्याबाईंसाठी मऊ फोमच्या चपला आणल्या आणि आम्हाला चुलीमागे लाकडांच्या ढिगावर टाकलं. आमचं काय, आमचं झालं होतं. लुमिंगचं होऊ दे.

पण पेन्शनच्या कचेरीत तिचं काही होईना.

"मावशी, तुमचे चौऱ्याऐंशी महिने आहेत," तिथली मुलगी म्हणाली. "छत्तीस कमी. आणखी तीन वर्षं भरा."

"कशातून भरू, बाळ? पगार संपला. आणि छत्तीस आहेत, शिवणाच्या कारखान्यातले."

मुलीने शोधलं. इलुमिनादा नावाच्या एका शिवणारीचे छत्तीस महिने खरंच निघाले, पण जुन्या नंबरावर. "मावशी, नवा घेताना तुम्हीच लिहिलंय, पहिल्यांदाच नोंदणी करतेय. जुन्या कागदावर फोटो नाही, कारखानाही राहिला नाही. ती पोर तुम्हीच, हे आता दोन माणसांनी शपथेवर सांगायला हवं. नात्यातली नकोत. त्या काळी तुम्हाला ओळखणारी हवीत."

जिच्या भीतीने नवा नंबर घेतला, ते प्रतिज्ञापत्र शेवटी दुप्पट होऊन दारात आलं!

एक साक्षीदार लगेच मिळाला, कारखान्याच्या फाटकावर गोड खीर विकणारा म्हातारा सेल्सो. तिच्याकडे अजून दोन वाट्यांची उधारी आहे म्हणाला आणि हसत सही करायला तयार झाला. दुसरं माणूस एकच जिवंत होतं. उर्सुलाबाई.

बाई नव्वदीला टेकल्या होत्या. डोळे गेले होते, जीभ शाबूत होती.

"माझ्या हाताखाली दोनशे पोरी होत्या. त्यांतली तू कोण?"

"लुमिंग, बाई. इस्कोची लेक."

"तसं कुणीही म्हणेल. बघितल्याशिवाय मी आयुष्यात सही केली नाही, आणि बघायचं तर राहिलं."

"बाई, तुम्ही मला रोज दंड करायचात. खडावांसाठी."

म्हातारीने कान टवकारले. "खडावांची एक होती खरी. कजाग. आण बघू त्या."

लुमिंग त्या वयात धावत घरी आली. जोवी चूल पेटवत होती आणि डावी तिच्या हातात होती!

"अगं जोवी, खाली ठेव! माझं म्हातारपण जाळतेस!"

"आत्याबाई, लाकूडच तर आहे!"

"लाकूड तुझ्या डोक्यात. ठेव!"

लुमिंगने आम्हाला छातीशी धरलं, बाईंच्या घरी नेलं आणि फरशीवर आम्हाला घालून चालून दाखवलं. थप. थप. थप.

बाईंनी मान हलवली. "ही ती नव्हे. ही तर मांजरासारखी चालते."

लुमिंग फरशीवर बसली आणि आम्हाला पायांतून काढायला लागली. तीन वर्षं, आणि पगार नाही. मला इतकं ओरडावंसं वाटलं की माझी गाठ तडकेल. आणि तिचा हात माझ्या तळव्यावर गेला. टायर! बावीस वर्षं ठोकलेला टायर! तिने बाईंच्या स्वयंपाकघरातली सुरी घेतली, खिळ्यांखाली घातली आणि ओढलं. आधी माझा निघाला, मग बहिणीचा. बाईंची सून कुरकुरली की सुरी बोथट होईल. होऊ दे!

लुमिंग उभी राहिली आणि चालली.

टुप-खाड्. टुप-खाड्. टुप-खाड्.

"ए टुप-खाड्!" म्हातारी खुर्चीतच ताठ झाली. "मशिनींचा आवाज कमी पडतो का तुला? दहा सेंटाव्ह दंड!"

मग दोघी हसल्या, आणि हसता हसता दोघींनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी बाईंनी नोटरीसमोर सही केली. मोठी आणि वाकडी, पण स्वतःची. दोन नंबरांचा एक झाला. छत्तीस आणि चौऱ्याऐंशी, एकशे वीस. त्यात तो कोंबड्याच्या वर्षाचा रविवारही होता, हे विसरू नका.

पहिली पेन्शन हातात आली त्या दिवशी लुमिंगने कॉफी आणि साखर आणली. पाणी उकळलं, कप भरला आणि अंगणात बसून, कुणाच्याही चेहऱ्याकडे न बघता, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. मग दुसरा कप करून जोवीला दिला. आता दर महिन्याला पेन्शनच्या दिवशी ती आम्हाला घालून उर्सुलाबाईंकडे जाते. दंड म्हणून गरम पावांची पिशवी नेते. आम्ही गल्लीच्या तोंडाशी असतानाच बाई आतून ओरडतात, "उशीर झाला गं!"

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. हातपाय चालतात तोवर म्हातारपणासाठी थोडं बाजूला टाका, मग तुम्ही घरी असा नाहीतर सात समुद्रांपलीकडे. भावाचा कोंबडा थांबेल, जानेवारी थांबत नाही. माणसाला एकच नंबर पुरतो, तो नीट जपा. कागद हरवला तर हरवला म्हणून सांगा, लाजू नका. आणि घरातलं जुनं लाकूड चुलीत घालण्याआधी ते एकदा फरशीवर वाजवून बघा. कुणाची तरी ओळख त्याच्यापाशी ठेवलेली असते.

माझी पट्टी आता सैल झाली आहे. वर्षातून एकदा खोबरेल लावलं आणि नवा खिळा मारला तर आणखी वीस वर्षं चालेन. तळव्याला टायर मात्र लावू नका. सांगून ठेवते.