मच्छरदाणी निघाली जंगलात

मी एक मच्छरदाणी. रंगानं हिरवी, अंगानं नुसती भोकाभोकांची. पण त्या भोकांतून डास आत शिरेल तर शपथ!

अणदूरच्या शिवकांताबाईंनी मला दुकानातून आणलं ते हौसेपायी. जन्मात एकदा त्यांना जंगलातला वाघ बघायचा होता. पण गेल्या साली डेंग्यूनं त्या पार अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून लेक शिवप्रिया अडून बसली. "आई, मच्छरदाणी, मलम आन् पुऱ्या बाह्यांचे कपडे घेणार असशील तरच जा."

बाईंचे यजमान कल्याणप्पा मला बघून हसले. "जंगलात वाघाला भ्यायचं का मच्छराला?"

विदर्भातल्या एका राष्ट्रीय उद्यानाजवळ आम्ही मुक्कामाला उतरलो. दिवस कलला तसे तळ्याकडून डास गुणगुणत आले. बाई अंगभर कपड्यांत, हातापायांना मलम चोळून निवांत. कल्याणप्पा ओसरीत बनियनवर! जरा वेळानं त्यांच्या टाळ्या सुरू झाल्या. दंडावर, मानेवर, पोटरीवर. जेवणं उरकताच ते निमूट माझ्या पोटात, बाईंशेजारी शिरले.

"जरा सरक की."

बाईंनी माझ्या कडा गादीखाली खोचल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

पहाटे जीपमध्ये बसताना त्यांनी मलाही पिशवीत घेतलं. कल्याणप्पांनी आज पुऱ्या बाह्यांचा सदरा घातला होता; मलम मात्र "चिकट लागतंय" म्हणून नाकारलं. उजाडता उजाडता पुन्हा डास आले, आणि कल्याणप्पा फटाफट तोंडावर हात मारू लागले. तेवढ्यात झाडीत वानरं ओरडली. वाटाड्या कुजबुजला, "वाघ जवळच आहे. आवाज झाला तर बाहेर येणार नाही."

बाईंचा चेहराच उतरला. मग त्यांनी झटकन मला काढलं, नवऱ्याच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी ठेवली आणि वरून मला सोडलं.

"जाळी तोंडाला चिकटू देऊ नका, न्हायतर मच्छर भाईरूनच चावतंय. आन् आता हलायचं न्हाय!"

"व्हय," आतून बारीक आवाज आला.

झुडूप हललं. वाघीण रस्त्यावर आली, थबकली, आमच्याकडं बघून संथपणे पलीकडं गेली. बाईंनी नवऱ्याचा हात माझ्यासकट घट्ट धरला होता. डोळे भरून आले होते.

"अहो, बघितली का?"

"बघितली की. हिरवीगार!"

जीपमधून उतरताना मी काट्याला अडकून फाटले. बाईंनी घरी आल्यावर सुबक ठिगळ लावलं. आता गावातलं कुणी सहलीला निघालं, की कल्याणप्पाच मला उजेडात धरून तपासतात आणि बजावतात, "दिवस मावळायच्या आधी बांधा, लई गुणाची हाय."

उद्या ईट गावच्या पाहुण्यांबरोबर निघायचंय. तुम्हीही न्या मला. पिशवीच्या कोपऱ्यात मावते. फक्त धुतल्यावर सावलीत वाळवा. कडक उन्हात मी विरते, आणि मला अजून लई जंगलं बघायची आहेत.