लायटरच्या जागी

बुधाजी भोईरांच्या फियाटमध्ये त्यांना न विचारता बसायचं नाही, हे बदलापूरच्या मांजर्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एक्क्याऐंशी सालची पांढरीशुभ्र गाडी. भाताची खाचरं गेली, तिथे बिल्डिंग उभी राहिली, बुधाजी स्वतः पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. गाडी मात्र खाली पार्किंगमध्ये रुबाबात उभी. भावकीत कुणाच्याही मुलीचं लग्न असो, नवरी मांडवातून निघायची ती याच गाडीतून, आणि चालवायचे बुधाजीच. मग हॉल दोन गल्ल्या सोडून का असेना. आजवर सव्वीस नवऱ्या त्यांनी पोचवल्या होत्या, एकीचाही मुहूर्त चुकला नव्हता.

सत्ताविसावी होती रिद्धी, त्यांचे चुलतभाऊ रामभाऊ यांची मुलगी. लग्न शनिवारचं. घोळ झाला तो आदल्या दिवशी, आणि तो केला बुधाजींच्या सुनेने.

जिज्ञासा तिचं नाव. माहेर अंबरनाथचं, नोकरी विमा कंपनीत, काम घरून. शुक्रवारी बदलापुरात दुरुस्तीसाठी लाइट जाते, यात नवल ते काय? पण बाईसाहेबांनी ऑफिसात ठणकावून सांगितलं होतं की आमच्याकडे बॅकअप आहे. कसला बॅकअप नि कसलं काय! होता तो मोबाइलवरून मागवलेला मुठीएवढा इन्व्हर्टर. गाडीतला सिगरेट पेटवायचा लायटर उपसायचा, त्या भोकात हा खुपसायचा आणि त्यावर लॅपटॉप लावायचा. नवरा अल्पेश आपली गाडी घेऊन कामावर गेलेला. उरली कोणती? सासऱ्यांची फियाट.

दोन वाजता लॅपटॉपने मान टाकली आणि तीनला मीटिंग. सासरे रामभाऊंकडे हळदीच्या तयारीला गेले होते. जिज्ञासा खाली उतरली. फियाटच्या दाराचं कुलूप कधीचंच नावापुरतं उरलं होतं. तिने लायटर काढून सीटवर ठेवला, इन्व्हर्टर खोचला, आणि चावीशिवायच हिरवा दिवा लागला. तिला आपल्याच अकलेचं कौतुक वाटलं. त्या गाडीत तो पॉइंट थेट बॅटरीला जोडलेला, चावी असो नसो चालूच राहतो, हे तिला कोण सांगणार? तीन तास तिने पुढच्या सीटवर मांडी घालून काम उरकलं. लाइट आल्याबरोबर लॅपटॉप उचलून वर पळाली, कारण हळदीची साडी अजून इस्त्री व्हायची होती. इन्व्हर्टर राहिला तिथेच, रात्रभर बॅटरी पीत.

पहाटे जाग येताच तिला आठवलं. धावत खाली जाऊन तिने इन्व्हर्टर काढला, लायटर जागेवर लावला आणि कुणाला पत्ताही लागला नाही म्हणून सुटकेचा निःश्वास सोडला.

दहा वाजता झेंडूच्या माळा लावलेली फियाट ढकलत ढकलत रामभाऊंच्या दारी आणावी लागली. वाटेत धक्का मारला की सुरू होईल, असं सगळ्यांना वाटलं होतं. झाली नाही. शालू नेसलेली रिद्धी मागच्या सीटवर बसली, शेजारी वहिनी म्हणून जिज्ञासा, आणि बुधाजी पुन्हा पुन्हा चावी फिरवत राहिले. प्रत्येक वेळी एक ‘कट्’ आणि मग काही नाही. भावकीतल्या दहा जणांनी पुन्हा धक्का मारला. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. मुहूर्त सव्वाबाराचा. शेवटी रामभाऊंनी मान खाली घालून कुणाची तरी मोठी काळी गाडी पुढे घ्यायला सांगितली, आणि नवरी उतरून त्यात बसली.

बुधाजी स्टिअरिंग धरून तसेच बसले होते. बॅटरी पार उतरली, असं मेकॅनिकने सांगितलं तेव्हा ते म्हणाले की काल सकाळी दिवे तपासले होते, बंद करायला विसरलो असेन. बटण तर बंदच होतं. पण अल्पेशने तिथल्या तिथे, चारचौघांत सांगून टाकलं की बाबा, आता नकळत बंद केलं असेल तुम्ही. गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवला होतात, आठवतं ना?

जिज्ञासाने तेव्हाच बोलायला हवं होतं. अहो, एक वाक्य होतं ते! पण सगळी भावकी समोर, सासूच्या वयाच्या बायका तोंडाला पदर लावून बघताहेत, आणि ती मूग गिळून बसली. संध्याकाळी सांगू, असं मनाशी म्हणाली. संध्याकाळी म्हणाली, उद्या.

त्या उद्याचे तीन आठवडे झाले. तेवढ्यात म्हाताऱ्याची रयाच गेली. जो माणूस सातबाराचे गट नंबर तोंडपाठ सांगायचा, तो गॅसचं बटण चार-चारदा बघायला लागला. दार लावून जिना उतरायचा आणि कुलूप ओढून बघायला परत वर यायचा. सकाळची गोळी घेतली का मी, हे सुनेला विचारायचा, आणि तिने हो म्हटलं की बरं म्हणायचा, वाद न घालता. तिला तो वाद हवा होता. पूर्वीसारखं खेकसावं, मना काय शिकवतेस म्हणावं. आपण एका धडधाकट माणसाला वेडं ठरवतोय, हे तिला दिवसाढवळ्या दिसत होतं, आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

मग अल्पेशने दोन गोष्टी ठरवल्या. सोमवारी बाबांना विस्मरणाच्या डॉक्टरकडे न्यायचं, आणि रविवारी उल्हासनगरचा जुन्या गाड्यांचा व्यापारी फियाट बघायला येणार. बुधाजींनी दोन्हीला मान डोलावली. आता मात्र जिज्ञासाला गप्प राहता येईना.

रविवारी सकाळी तिने सासऱ्यांना हाताला धरून खाली नेलं, गाडीत बसवलं आणि सगळं सांगितलं. मीटिंग, इन्व्हर्टर, रात्रभर विसरलेला, पहाटे लपवलेला. बोलता बोलता रडली. पिशवीतून इन्व्हर्टर काढून लावून दाखवला. चावी तिकडे अल्पेशच्या खिशात, तरी मेकॅनिकने चार्ज करून दिलेल्या बॅटरीवर हिरवा दिवा लागला.

बुधाजींनी वाकून तो दिवा पाहिला. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“बाय, माज्यासाठी खोटा नको बोलूस.”

“खोटं नाही बाबा. शप्पथ. तुम्ही काहीच विसरला नव्हता.”

“मना आता सगला आठवते,” ते म्हणाले. “सकाली दिवे लावले. तेवढ्यात रामभाऊचा फोन आला. बोलत बोलत मी वर गेलो. दिवे तसेच राहिले.”

ती हादरली. रामभाऊंचा फोन त्या सकाळी आलाच नव्हता. ते स्वतः घरी येऊन चहा पिऊन गेले होते, आणि तो चहा तिनेच केला होता. तीन आठवडे रोज रात्री म्हाताऱ्याने आपली चूक शोधली होती, आणि सापडली नाही तेव्हा नवी घडवली होती. तिने तसं सांगून पाहिलं. ते नुसते हसले, पोरीचं मन राखावं तसे.

अकरा वाजता व्यापारी आला. बुधाजींनी त्याला सांगितलं की माझी सून सोन्यासारखी आहे, माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत होती. जिज्ञासा मोठ्याने म्हणाली, मी सांगितलं तेच खरं आहे, मीच केलं. अल्पेशने डोळ्यांनीच तिला खुणावलं की पुरे आता, बाबांना बरं वाटलं तेवढं बस झालं.

व्यापाऱ्याने विचारलं, गाडीत बिघाड काही आहे का. बुधाजी पुढे वाकले आणि दिव्यांच्या बटणावर बोट ठेवून म्हणाले, “गारी एकदम चोख हाय. हा एवढा मी चालू ठेवला होता.”