वर्षावासाला बसलेली गाडी

भगवान साळवेची उभी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात गेली, आणि त्या खात्याचा एक दुर्गुण त्याच्या अंगात पुरता मुरला होता. बांधायला घेतलं की थांबायचं कुठे, ते त्याला कळत नसे. भगवानने बांधलेल्या खोक्यात वारासुद्धा शिरत नाही, असं कधीतरी कोणी साहेब बोलून गेला होता. रिटायर झाल्यावरही तो हे कौतुक येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. बायको गयाबाई म्हणायची, ह्यांनी डब्याचं झाकण लावलं की ते उघडायला शेजारीपाजारी गोळा करावे लागतात.

रिटायर होताच त्याने शाळेची एक जुनी मिनीबस घेतली आणि उल्हासनगरच्या एका कारागिराकडून तिचं घर करून घेतलं. आत पलंग, ओटा, सिंक, छताला इवलासा पंखा. बाकीचे तिला मोटारहोम म्हणत, गयाबाई घरगाडी म्हणे. खिडक्यांचे पडदे तिने आपल्या जुन्या साड्यांचे शिवले. दोघांनी पहिल्यांदा सांचीला जायचं, वाटेत मनाला येईल तिथे थांबत, आपल्या हातचं खात, असं ठरलं होतं. आणि नेमकी मे महिन्यात गयाबाई मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरात वॉकर आला आणि सांची लांबणीवर पडली.

हॉस्पिटलमधून आल्यावर कितीतरी दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मग एका संध्याकाळी आपणहून म्हणाली, की भिक्खू पावसाळ्यात फिरत नाहीत, एका जागी वर्षावासाला बसतात, तशी आपली गाडीपण बसू दे. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला की मी स्वतः येऊन दार उघडेन. तोवर कोणी हात लावायचा नाही. बायको पुढचं काही बोलली, एवढ्यानेच भगवान विरघळला. त्याने शब्द देऊन टाकला.

त्यांच्या बिल्डिंगखाली गाडी ठेवायला जागा नव्हती. कारखान्यातला जुना सोबती बबन सोनिवलीला राहायचा. त्याच्या घरामागे, भाताच्या खाचरांना लागून, मोकळी जागा होती. शेड मात्र नव्हती. तिथे भगवानने गाडी आतून-बाहेरून धुतली, चाकं विटांवर घेतली, उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात फडकी कोंबली. आभाळ भरून आलं होतं, त्यामुळे सुकायची वाट न बघता त्याने दारं-खिडक्या लावल्या आणि वरून दुहेरी ताडपत्री ओढून तिच्या कडा गाडीच्या पोटाखाली आवळून बांधल्या. बबन म्हणाला, वाऱ्याला जरा वाट ठेव. भगवान त्याच्याकडे अशा नजरेने बघत राहिला, जणू त्याने पॅकिंग खात्याचाच अपमान केला होता.

मग तो दर रविवारी सोनिवलीला जाऊ लागला. दोऱ्या ओढून बघायचा, ताडपत्रीवर साचलेलं पाणी काठीने उतरवायचा आणि घरी येऊन सांगायचा, कोरडी ठणठणीत आहे. ते ऐकून गयाबाईचा चेहरा उजळायचा आणि ती वॉकर घेऊन खोलीत दोन फेऱ्या जास्त मारायची. उंबऱ्यापलीकडे मात्र भगवान तिला जाऊ देत नसे. लिफ्ट नाही, जिना ओला, पुन्हा पडलीस तर? गार वारा लागू नये म्हणून खिडक्या लावलेल्या, ताट पलंगावर, पाणी हाताशी. एवढ्या वर्षांत त्याने तिच्यासाठी एवढं कधी केलं नव्हतं आणि आता करताना त्याला मनापासून बरं वाटत होतं.

पौर्णिमा जवळ आली तसा त्याने शब्द मोडला. ती दार उघडेल तेव्हा आत धूळ नको, म्हणून तो झाडू घेऊन गेला आणि गाठी सोडल्या. दार उघडताच कोंदट वासाने त्याला मागे लोटलं. पावसाचा एक थेंबही आत गेला नव्हता. धुतानाचं पाणीच आत कोंडून राहिलं होतं. गादीवर हिरवी बुरशी, प्लायवूड फुगलेलं, पडद्यांवर काळे ठिपके.

नवी गादी मिळाली असती, नवं प्लायवूडही. तिच्या साड्या कुठून आणणार? ती चालतेय ती या गाडीच्या आशेवर, गाडीची ही दशा कळली तर पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजेल, हीच त्याला भीती होती. पण खोटं तरी किती दिवस टिकणार. घरी येऊन त्याने सगळं सांगून टाकलं. गयाबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला उद्या तिकडे न्या."

दुसऱ्या दिवशी खाली रिक्षा उभी होती. भगवान पुढे होऊन हात धरणार, तोच गयाबाई कठडा धरून जिना उतरूही लागली. सावकाश, पण न चुकता. सोनिवलीला वॉकरऐवजी काठी टेकत तिने बबनचं अंगण पार केलं. गाडीची पायरी उंच होती. तिने दाराची दांडी धरली, आधी चांगला पाय वर टाकला, मागून दुसरा ओढून घेतला आणि ती आत उभी राहिली. भगवानचं तोंड उघडं ते उघडंच.

"रविवारी तुम्ही इकडे यायचात," ती म्हणाली, "तेव्हा मी शेजारच्या उमाला घेऊन विहारात जायचे. वर्षावासाचं वाचन ऐकायला."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कडी लावून बसला असता."

ती पडद्यापाशी गेली, काळे ठिपके बोटाने चाचपले, आणि त्याच्याकडे वळली. रागावली नव्हती.

"हिला बांधलंत तसंच मलाही बांधलंत. मायेनेच बांधलंत, कळतं मला. पण जीव कोंडला हो माझा."

भगवानच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायचं त्याने मनावर घेतलं नाही. गयाबाईने एकेक खिडकी सरकवली. खाचरांवरून आलेला वारा आत शिरला आणि पडदे हलू लागले. ती म्हणाली, पडदे धुवून बघू, डाग गेले तर गेले, नाहीतर डागांसकट सांचीला नेऊ. त्याने गादी ओढत बाहेर आणली आणि उन्हात टाकली.

ती दारात आली, तेव्हा त्याचा हात सवयीने पुढे झाला. मग त्यालाच आठवलं आणि त्याने तो मागे घेतला.

"द्या की," गयाबाई म्हणाली. "चढायला जमतं मला. उतरताना अजून हात लागतो."