केसाएवढी फट

“याच्या तोंडात दात नाहीयेत.”

पडद्यावर दवाखान्यातला प्रसंग चालला होता. मास्तर बायकोच्या उशाशी बसले होते, अख्खं थिएटर नाक ओढत होतं, माझा रुमाल केव्हाच चिंब झाला होता. आणि आमचे हे माझं मनगट धरून कानाशी सांगत होते की त्या नटाच्या तोंडात दात नाहीत.

“अहो, गप्प बसा.”

“अगं, खरंच नाहीत. ओठ बघ. वरचा ओठ खाली बसलाय.”

“आजोबा, घरी जाऊन बोला की,” मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. एरवी या ‘आजोबा’वर ते दोन दिवस रुसले असते. त्या दिवशी त्यांना ऐकूच गेलं नाही.

नट चाळिशीचा, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेला. ह्यांना म्हणायचं होतं ते असं, की आपण केलेले दात त्याच्या तोंडात नाहीत.

आमचे हे कवळ्या करतात. दंतवैद्य नव्हेत. दंतवैद्य माप घेऊन पाठवतो, हे घरामागच्या खोलीत बसून मेण कोरतात, दात लावतात, घासतात, पुन्हा घासतात. छत्तीस वर्षं हेच. या कामाची एक गंमत आहे. काम चांगलं झालं तर कुणाला कळत नाही, आणि कळलं तर समजावं की बिघडलं. गावातली निम्मी म्हातारी माणसं ह्यांच्या दातांनी हसतात, पण हे रस्त्यात समोर आले तर त्यातलं एकही ओळखणार नाही. ह्यांची कौतुकाची भाषाही तेवढीच. कवळी तोंडात घातली, माणसाने एकसष्ट ते सत्तर आकडे म्हटले आणि प्रत्येक ‘स’ नीट उमटला की हे मान हलवून म्हणतात, “बसली.” लग्नानंतर मी पहिला पडदा शिवला तेव्हाही ‘बसला’ एवढंच म्हणाले होते. मी त्यावर आठ दिवस खूश होते.

आता मास्तर. शाळेची नोकरी सोडून हा माणूस चाळीस वर्षं गावोगाव भाषणं करत हिंडला. एकच सांगायचे, पोरांना कामाला जुंपू नका, शाळेत घाला. त्यांच्या ‘स’मधून बारीक शिट्टी निघायची. ‘शाळा’ म्हणाले तरी निघायची. पुढे नकलाकारांनी ती उचलली, रेडिओवर ऐकणाऱ्यांना ती पाठ झाली. लोक म्हणायचे, मास्तरांच्या आवाजात वारा आहे.

तो वारा आमच्या ह्यांचा. हे शिकाऊ होते तेव्हा मास्तरांची पहिली कवळी ह्यांच्याकडे आली आणि वरच्या पुढच्या दोन दातांत केसाएवढी फट राहिली. लक्षात आलं तोवर मास्तर दोन सभा करून बसले होते. हे धापा टाकत त्यांच्याकडे गेले, म्हणाले, चुकलंय, परत द्या. मास्तर हसले. म्हणाले, “राहू दे. मागच्या बाकावरचा पोरगा झोपत नाही आता.” पुढे दर सहा-सात वर्षांनी नवी कवळी व्हायची, आणि दर वेळी निरोप यायचा, चूक तीच हवी. चूक मुद्दाम करणं किती कठीण असतं ते मी पाहिलंय. चार-चार दिवस लागायचे.

ही गोष्ट ह्यांनी माझ्याशिवाय कुणाला सांगितली नाही. देशभर माहीत असलेलं आपलं एकमेव काम म्हणजे आपली चूक, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

मास्तर जाऊन नऊ वर्षं झाली आणि त्यांच्यावर चित्रपट निघाला. दंतवैद्याने नटाला आमच्याकडे पाठवलं. मोठा माणूस, पण खोलीत शिरताना वाकून आला, स्टुलावर बसला. ह्यांनी त्याच्या दातांवर बसेल अशी पातळ टोपी केली, मास्तरांच्या दातांच्या जुन्या प्लास्टरच्या साच्यावरून, फटीसकट. ती घालून त्याने एकसष्ट म्हटलं आणि खोलीत मास्तर येऊन उभे राहिले. हे म्हणाले, “बसली.”

चित्रपट संपल्यावर आम्ही नावं वाचायला थांबलो. वाहन चालवणाऱ्याचं नाव होतं, चहा देणाऱ्याचं होतं, कुत्र्याचं होतं. लेक दोनदा म्हणाली, “बाबा, आता येईल बघा.” दिवे लागले, झाडूवाली आली, तरी नाही आलं.

“कुत्र्याने काय दिवे लावले?” मी म्हणाले.

“चांगलं भुंकला की,” हे म्हणाले. पण त्यांचं लक्ष नव्हतं. बसमध्ये एकदम म्हणाले, “ती टोपी मोडून आली होती आठवतंय? तीन दिवस आपल्याकडे होती.”

आठवत होतं. माझ्या पोह्याच्या वाटीत ती पाण्यात घालून ठेवली होती आणि मी ओरडले होते. तिसऱ्या दिवशी न्यायला आलेला माणूस सांगत होता की दवाखान्याचं सगळं उरकलं, जागा तेवढेच दिवस मिळाली होती, आता सभांचं राहिलंय.

“म्हणजे बघ,” हे म्हणाले. उतरायचा थांबा आला तरी बसूनच होते.

पुढचे काही दिवस वर्तमानपत्रांत दुसरा विषय नव्हता. मोठं पारितोषिक जवळ आलं होतं. कुणी म्हणे चित्रपट ठीकच, पण हा नट म्हणजे चमत्कार. कुणी म्हणे कसला चमत्कार, नक्कल आहे, शिट्टी मारता आली की झालं का? आमच्या घरातही दोन तट पडले. लेक नटाच्या बाजूने. मी विरुद्ध. माझं म्हणणं सरळ होतं: दात ह्यांचे, शिट्टी ह्यांची, मग बक्षीस त्याला कशाला?

“आई, दात घालून कुणीही मास्तर होतं का?”

“मग घालायचेच नव्हते.”

हे ताटावर मान घालून जेवत राहिले.

खरं सांगायचं तर माझ्या रागाला दुसरंही कारण होतं. महिनाअखेर खोली बंद होणार होती. दंतवैद्यांकडे आता यंत्रं आलीत. तोंडात दिवा फिरवतात, पडद्यावर दात दिसतात, दुसऱ्या यंत्रातून कवळी बाहेर पडते. हे एकदा जाऊन बघून आले आणि म्हणाले, “चांगली होते.” मला वाटत होतं, छत्तीस वर्षांनी ह्या माणसाचं नाव एकदा तरी कुठेतरी छापून यावं. मग खुशाल कुलूप लावा.

आणि एक पत्रकार आली. पंचविशीची, चटपटीत, आल्या आल्या चपला सरळ लावून ठेवणारी. मला तिथेच आवडली. दंतवैद्याकडून तिला टोपीचा सुगावा लागला होता. मी ह्यांना इस्त्रीचा सदरा घालायला लावला होता. ठेवणीतले कप काढले होते.

“काका, मी स्पष्टच बोलते,” ती म्हणाली. “परवा परीक्षकांचं मतदान आहे. ज्या आवाजाची सगळे वाहवा करतायत, तो अभिनय नाही, दातांची करामत आहे, हे तुम्ही सांगितलंत तर पहिल्या पानावर घेते. तुमचा फोटो, तुमचं नाव, ही खोली, सगळं.”

मी ह्यांच्याकडे बघत होते. ते उठले, फळीवरून मास्तरांचा साचा काढला, तिच्या हातात दिला.

“ही फट दिसते? ही माझी चूक.”

आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. पहिली कवळी, दोन सभा, मागच्या बाकावरचा पोरगा, सगळं. पस्तीस वर्षं घरात दडवून ठेवलेली गोष्ट त्या मुलीला दहा मिनिटांत देऊन टाकली. मला वाटलं, जिंकलो. ती भराभर लिहीत होती. तिने साच्याचा फोटो काढला, मग ह्यांचा. हे फोटोत घाबरल्यासारखे दिसतात, तेव्हाही तसेच दिसले.

“आता पुढचं लिही,” हे म्हणाले. “दवाखान्यातला प्रसंग पाहिलास ना? ‘सगळ्यांना सगळं सांगितलं, तुलाच सांगायचं राहिलं’ म्हणतो तो?”

“पाहिला की. मी दोनदा रडले.”

“तेव्हा दात आमच्याकडे होते. वाटीत.”

तिचं पेन थांबलं.

“मोडले होते. तो थांबला नाही, तसाच उभा राहिला. शिट्टी आली की नाही तिथे? माझ्या दातांशिवाय आली. त्या वाक्यात ‘स’ किती आहेत मोज. हे माझ्याखेरीज कुणाला कळायचं नाही, म्हणून सांगतो.”

“काका...” तिने माझ्याकडे पाहिलं, जशी काही मी मध्ये पडेन. “हे लिहिलं तर माझी बातमी उलटीच होते. मग ती त्याची बातमी झाली, तुमची नाही.”

“त्याचीच आहे.”

“पहिलं तेवढं छापते ना. हे दुसरं राहू दे. खोटं काहीच होणार नाही त्यात.”

मीही म्हणाले, “अहो, ती बरोबर बोलतेय. चूक सांगितलीत ती खरीच आहे की.”

ह्यांनी साचा तिच्या हातातून परत घेतला, फुंकर मारली, सदऱ्याला पुसला. इस्त्रीच्या सदऱ्यावर पांढरा पट्टा उमटला.

“अर्धी कवळी कुणाला देतात का गं?” मलाच विचारलं त्यांनी.

ती मुलगी चहा पूर्ण पिऊन गेली. दाराशी वाकून ह्यांच्या पाया पडली की चपलेचा पट्टा लावला, मला कळलं नाही. मी त्या दिवशी ह्यांच्याशी बोलले नाही. रागाने भांडी घासली, त्यात ठेवणीतल्या एका कपाचा कान गेला.

बातमी दुसऱ्या दिवशी आली. आतल्या पानावर, नटाच्या मोठ्या फोटोखाली. गाजलेल्या प्रसंगात त्याने कृत्रिम दात वापरलेच नव्हते, असं ‘एका जाणकाराने’ सांगितलं होतं. एवढंच. फटीबद्दल अक्षर नव्हतं. ह्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली.

“मला जाणकार म्हणाली,” ते म्हणाले. जरासे खूशच वाटले.

पारितोषिकाचा दिवस आणि खोली रिकामी करायचा दिवस एकच निघाला. छत्तीस वर्षांचे साचे आम्ही सकाळपासून पोत्यांत भरत होतो. किती तोंडं! त्यातली कितीतरी आता जगातच नाहीत. “ही बाई फार बोलायची,” “याला सफरचंद खायचं होतं,” असं म्हणत हे एकेक साचा हलकेच ठेवत होते, फेकत नव्हते. संध्याकाळपर्यंत फळ्या उघड्या पडल्या. भिंतीवर साच्यांच्या जागी स्वच्छ चौकोन उरले.

लेक पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसली होती. “या ना दोघं, त्याचंच आहे आता!”

मी ह्यांना बोलवायला मागे गेले आणि दारातच थांबले. ते स्टुलावर बसले होते, ज्यावर नट बसला होता त्याच. समोर दोन साचे होते, मास्तरांचा आणि नटाच्या स्वतःच्या दातांचा. आणि हे, पाठ माझ्याकडे करून, हळू आवाजात आकडे म्हणत होते.

“एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट.”

सगळे ‘स’ अगदी नीट येत होते. त्यांनी जीभ मागे घेतली, ओठ आवळले, पुन्हा म्हटलं. पासष्टला नुसती थुंकी उडाली. चाहूल लागली तशी मागे वळून पाहिलं, लाजले.

“जमत नाही गं,” म्हणाले. मग नटाचा साचा उजेडात धरून मला दाखवला. “बघ. एकाला एक चिकटून आहेत. यातून हवा जायला जागाच नाही.” त्यांनी साचा उलटा करून पाहिला. “कुठून काढली असेल?”

मी त्यांच्या सदऱ्यावरची भुकटी झटकली.

पुढच्या खोलीतून टाळ्या ऐकू आल्या, आणि लेकीची हाक. “बाबा! मिळालं! चित्रपटाला नाही, पण त्याला मिळालं!”

ह्यांनी मान हलवली.

“बसली,” म्हणाले.

मग त्यांनी जुना टॉवेल अंथरला, दोन्ही साचे दात समोरासमोर करून त्यात ठेवले, आणि तोंडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये कापसाची पातळ घडी सरकवली.