दुसरं विधान

माझी धाकटी बहीण बस चालवते. बढतीच्या परीक्षेत 'माहिती पुरेशी आहे का' हा प्रकार असतो, आणि मी जन्मभर गणित शिकवलेलं, त्यामुळे तिची शिकवणी माझ्याच गळ्यात पडली. परीक्षा उद्यावर आली तरी बाईसाहेब "बसेन की नाही, बघू" म्हणत होत्या. पास झाली तर तिला दुसऱ्या गावच्या डेपोत जावं लागणार आणि या दोन खोल्यांत मी एकटी उरणार. ते मला कळत होतं, पण मुद्दाम वाईट शिकवणं माझ्याच्यानं होत नाही.

"उत्तर काढायचं नाही गं," मी पुन्हा सांगितलं. "निघेल का, एवढंच ठरवायचं."

"म्हणजे गाडी सुरू करून फलाटावरच उभी ठेवायची?"

"पुढे रस्ता आहे का ते बघायचं. उगाच डिझेल जाळू नकोस."

पुढचं उदाहरण तिच्या ओळखीचं होतं. डेपोत मोठ्या बस किती? विधान एक: मोठ्या आणि लहान मिळून तीस. विधान दोन: दोन्ही प्रकारच्या बस दुप्पट केल्या तर एकूण साठ. तिनं मोठ्यांना क्ष, लहानांना य धरलं आणि लगेच 'पुरेशी'वर खूण केली.

"दोन अज्ञात, दोन समीकरणं. झालं."

"कसलं झालं? दुसऱ्याला दोननं भाग."

तिनं भागलं. पुन्हा क्ष अधिक य बरोबर तीस. तिचं तोंड एवढंसं झालं.

"हे तर तेच आहे."

"तेच. एकच गोष्ट मोठ्यानं सांगितली म्हणून दोन होत नाहीत."

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"ताई, मी गेले तर तुला चालेल?"

"चालेल."

"नक्की?"

"चालेल म्हटलं ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. "हे पहिलंच विधान झालं. दोननं गुणलेलं."

गुरूची विद्या गुरूला फळली. मला राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं.

"घर खायला उठेल मला," मी म्हणाले. "आणि माझ्यापायी तू इथेच राहिलीस, तर मला तुझ्याकडे बघवणार नाही. आता पुरेशी आहे का माहिती?"

"आहे," ती म्हणाली आणि उद्यासाठी पेन्सिलीला टोक काढायला लागली.

उत्तर आम्ही दोघींनीही काढलं नाही.