तीन डोक्यांचं हेल्मेट

मी एक हेल्मेट बोलतोय. कसलं हेल्मेट, ते मात्र लगेच विचारू नका. जन्माला आलो तेव्हा सायकलीचं होतो, एवढं मला पक्कं आठवतं. पुढे माझं काय काय झालं याचा मेळ माझा मलाच लागत नाही. तुम्ही ऐकून घ्या, कदाचित तुम्हाला लागेल.

कारखान्याच्या आठवणी फारशा नाहीत. बाहेरून गुळगुळीत निळं कवच, आत थर्मोकोलसारखा पांढरा हलका थर, हनुवटीखाली बांधायला पट्टे आणि हवा खेळावी म्हणून माथ्यावर लांबट भोकं, असा मी घडलो. तिथून निघालो तो थेट दुकानात, सायकलींच्या रांगेसमोर खिळ्याला टांगला गेलो. समोर दिवसभर सायकलीच दिसायच्या, त्यामुळे आपण यांचेच, अशी माझी समजूत झाली.

मग एके दिवशी एक शिंपी आला. सोबत बायको आणि दोन मुली. इतर गिऱ्हाइकं मला उलटंपालटं करायची, टिचकी मारून बघायची. याने तसलं काही केलं नाही. गळ्यातली टेप काढली, थोरलीच्या डोक्याचा घेर घेतला, मग माझा घेतला आणि म्हणाला, "बसेल." दुकानदार बघतच राहिला. मला तो माणूस तिथेच आवडला.

त्याचं घर म्हणजे पुढच्या खोलीत दुकान आणि मागे राहणं. त्या घरात कुठल्याही वस्तूला एकच काम नव्हतं. इस्त्रीच्या टेबलावर जेवणं व्हायची, जेवणं झाली की तिथेच मुलींच्या वह्या उघडायच्या. जुन्या पडद्यांच्या पिशव्या व्हायच्या आणि पिशव्या फाटल्या की मशीन पुसायची फडकी. थोरलीचा फ्रॉक दोन टिपा मारून धाकटीला बसायचा. शिंप्याच्या हाताखालून गेलेला कपडा कधी एकाच माणसाचा राहत नसे. तो शिवणीतच थोडं कापड राखून ठेवायचा आणि म्हणायचा, माणूस वाढतो, आटतो, कपड्याने जुळवून घ्यावं. काज-बटणं करता करता बायको मान हलवायची. मीही मनातल्या मनात हलवायचो.

थोरली रोज मला घालून कॉलेजला जायची आणि सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर लांब रपेटीला. माझं आयुष्य सरळ होतं. तिचं तोंड पुढे, माझं तोंड पुढे, आणि संकट आलंच तर ते पुढून येणार हे ठरलेलं. तिच्या कपाळाचा घाम, कानापाशी शीळ घालणारा वारा, गाणं म्हणताना हलणारी हनुवटी, या सगळ्याची मला सवय झाली.

तेवढ्यात मावशी आली. म्हणजे शिंप्याच्या बायकोची बहीण. तिला नुकतंच भिंतीवर चढायचं वेड लागलं होतं. एका मोठ्या हॉलमध्ये उंच भिंत उभी केलेली, तिच्यावर रंगीबेरंगी खुंट्या, आणि माणसं कमरेला दोर बांधून वर चढतात. का चढतात ते मला आजही कळलेलं नाही, कारण वर काहीच नसतं. तिथली हेल्मेटं वापरून वापरून कुबट झालेली असतात, म्हणून मावशीने मला मागितलं. फक्त तिचा अंबाडा मोठा होता आणि मी काही तिच्या डोक्यावर उतरेना.

"त्यात काय," शिंपी म्हणाला, "आतून थोडं सैल करतो. डोकं ते डोकंच. खेळ बदलला म्हणून डोकं बदलतं का?"

मला ते बिनतोड वाटलं. त्याने सुरी घेतली आणि माझ्या आतला पांढरा थर मागच्या बाजूने खरवडला. पिठासारखा चुरा खाली पडला. थोरलीला मी सैल होऊ नये म्हणून दोन छोट्या गाद्या शिवल्या आणि वेल्क्रोने आत चिकटवायची सोय केली. गाद्या लावल्या की थोरलीचं, काढल्या की मावशीचं. तो त्या दिवशी इतका खूश होता की दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मला दाखवत सुटला. गिऱ्हाइकंही कौतुक करायची. त्यांना कपडे वेळेत हवे असायचे, कौतुक करावंच लागायचं.

भिंतीवर मात्र माझी पुरती तारांबळ उडाली. मावशीने वर बघितलं की मी मागे घसरायचो आणि तिचं कपाळ उघडं पडायचं. मी पुढून येणाऱ्या संकटाची वाट बघायचो, आणि पुढे तर भिंतच. एकदा वरच्या चढणाऱ्याच्या हातून लोखंडी कडी निसटली आणि टाणकन माझ्या माथ्यावर आपटली, हवेच्या भोकापासून बोटभर अंतरावर. मावशी हसली. मी विचारात पडलो, की ती कडी भोकातून आत गेली असती तर तो दोष माझा, भोकाचा की भिंतीचा? आणि आठवड्यात कधी पुढे बघायचं नि कधी वर, हे मला सांगणार कोण?

अशात थोरली पडली. वळणावर बारीक खडी सांडलेली होती. पुढचं चाक घसरलं, ती हवेत गेली आणि आम्ही दोघं रस्त्यावर आपटलो. सगळा दणका माझ्या उजव्या बाजूला बसला. आत काहीतरी चेपलं गेलं आणि ते परत वर आलंच नाही. थोरलीचं मनगट मोडलं, गुडघे सोलवटले, पण डोक्याला साधं टेंगूळसुद्धा आलं नाही.

घरी आल्यावर माझा केवढा मान झाला म्हणून सांगू! शिंप्याच्या बायकोने मला पदराने पुसलं आणि पुसता पुसता रडली. शेजारीपाजारी थोरलीचं प्लास्टर बघायला यायचे आणि मग मलाही बघायचे. शिंपी सगळ्यांना सांगायचा की हे हेल्मेट कसाला उतरलेलं आहे, आता याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावा. तो मला हातात घेऊन हे सांगायचा तेव्हा मी अभिमानाने फुगायचो. त्याच वेळी आत पोकळ पोकळही वाटायचं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, ते मला उलगडत नव्हतं.

माझ्या आतल्या थराला एक चीर गेली होती. ती त्याने पाहिली. पण तो शिंपी होता. त्याच्या लेखी उसवलेलं सगळं जोडता येतं. त्याने चिरेत गोंद भरला, वाळू दिला आणि वरून लाल कापडाचं नवं कोरं अस्तर बसवलं. टिपा इतक्या सुबक होत्या, की चीर कुठे होती ते मलाही सांगता आलं नसतं.

थोरलीचा हात प्लास्टरमध्ये आणि मावशीचं भिंतीचं वेड ओसरलेलं, म्हणजे मी मोकळा. मोकळी वस्तू त्या घरात राहणार कशी? धाकटी पायाला चाकं लावून गरागरा फिरायला शिकत होती. स्केटिंग म्हणतात त्याला. घरात तिला भिंगरी म्हणायचे आणि ते नाव शोभायचं. उतारावरच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली होती आणि हेल्मेट हवं होतं.

"ताईचंच दे मला," ती म्हणाली. "ते लकी आहे."

आता मी तिसऱ्या डोक्यावर बसलो. स्केटिंग करणारी मुलं बहुतेक वेळा मागे पडतात, हे शिंप्याने सरावाच्या वेळी काठावर उभं राहून हेरलं होतं. माझी मागची बाजू आखूड, शिवाय मावशीच्या अंबाड्यासाठी खरवडलेली. मग त्याने एक जाड गादी शिवली आणि मागे कॉलरसारखी लोंबती जोडली. त्याच्या मते आता मी तिन्ही खेळांना पुरून उरणार होतो. मला ओरडून सांगायचं होतं, की अहो, माझ्या आत काहीतरी संपलंय. पण काय संपलंय हे मलाच ठाऊक नव्हतं, आणि ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही त्याने सांगायचं तरी काय?

सरावात भिंगरी उतारावरून येत होती. समोर कुणीतरी अचानक थांबलं. तिने पाय फिरवले आणि ती मागे कोसळली. लोंबती गादी वर सरकली आणि मी खरवडलेल्या बाजूवर आपटलो. पडणं तसं साधंच होतं. तिथली मुलं दिवसातून कितीदा तरी तशी पडतात आणि उठतात.

भिंगरी उठून बसली. शिंपी धावत आला. तिने त्याच्याकडे बघून शांतपणे विचारलं, "बाबा, स्पर्धा कधी आहे?" त्याने रविवारी म्हणून सांगितलं. तिने मान डोलावली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "बाबा, स्पर्धा कधी आहे?" त्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा त्याने मला तिच्या डोक्यावरून काढलं आणि तिला उचलून पळत सुटला. मी त्याच्या कोपराला लटकत होतो. त्या क्षणी मी कुणाचं कोण आहे हे कळण्याची मला गरजही वाटत नव्हती. फक्त तिने दुसरं काहीतरी विचारावं, एवढंच वाटत होतं.

डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं, तपासण्या केल्या. मेंदूला हादरा बसला होता, पण ती बरी होणार होती. काही आठवडे शाळा नाही, खेळ नाही, अंधाऱ्या खोलीत विश्रांती. स्पर्धा गेली.

तिला स्केटिंग शिकवणाऱ्या मॅडम घरी आल्या. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी मला मागून घेतलं आणि अंगठ्याने आतून दाबून बघितलं. अस्तर थोडं उसवू का, असं त्यांनी विचारलं. शिंप्याने स्वतः उसवलं. चीर गोंदाखाली तशीच होती, आणि उजवीकडचा थर चपटा झालेला.

"याने थोरलीला वाचवलंय, मॅडम," शिंपी म्हणाला. "म्हणून तर धाकटीला दिलं."

"त्याच वेळी ते संपलं, काका. आतला थर स्वतः चेपतो म्हणून डोकं वाचतं. एकदा चेपला की पुढच्या वेळी द्यायला त्याच्यापाशी काही राहत नाही."

तो मग म्हणाला, की डोकं तर एकच असतं ना. मॅडम म्हणाल्या, डोकं एकच असतं, पण प्रत्येक खेळात पडणं वेगळं असतं. दोन-तीन खेळांना चालणारी हेल्मेटं असतात, पण ती मुळातच तशी बनवून, आपटून तपासलेली असतात. हे त्यातलं नव्हे, आणि घरी कापून-शिवून ते तसं होत नाही. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला वाटलं.

मी मात्र जास्तच गोंधळलो. म्हणजे ज्या दिवशी माझं सगळ्यात जास्त कौतुक झालं, त्याच दिवशी मी निकामी झालो होतो. मग मी चांगला की वाईट? थोरलीला मी वाचवलं आणि धाकटीला दगा दिला. पण दगा द्यायला माझ्यापाशी तेव्हा उरलं होतं तरी काय?

काही दिवसांनी दारावर भंगारवाला आला. शिंप्याने मला त्याच्यापुढे ठेवलं. त्याने मला फिरवून बघितलं, पट्टे ओढून बघितले.

"चांगलं आहे की. काय झालंय याला? माझ्या नातवाच्या सायकलीला होईल."

शिंप्याने मला त्याच्या हातून परत घेतलं. आत जाऊन कात्री आणली आणि दोन्ही पट्टे मुळापासून कापले. मग मला गुडघ्यावर ठेवून जोर लावायला त्याने श्वास रोखून धरला. जोर लागलाच नाही. मी चिरेपाशी सहज दुभंगलो. तो माझे दोन तुकडे दोन हातांत धरून उभा राहिला.

"एवढ्याशाने?" तो पुटपुटला. "आणि हे मी तिच्या डोक्यावर घातलं."

भंगारवाल्याला काही कळलं नाही. त्याने गोणीचं तोंड उघडलं आणि मी आत पडलो.

आता मी गोणीत आहे, अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे. मी नक्की कुठल्या खेळाचा होतो ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही. पण तुमच्या घरात कुणाला वाचवलेलं हेल्मेट असेल, तर त्याचे आभार माना आणि ते मोडून टाका. कौतुकाने पुसून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवू नका. तुम्ही ठेवलंत तर आम्ही बसतो. आम्हाला नाही म्हणता येत नाही.